पाहुण्या रांजणाचा अहवाल

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मी ‘खापरं तपासते’ एवढंच सांगते. पुढचं समजावून सांगायचा उत्साह चाळिशीतच संपला. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंची समजूत आहे की मी पाणी तपासते. टँकर आला की त्या बाटली भरून माझ्या दारात येतात आणि मी ‘उकळून प्या’ म्हणून त्यांना परत पाठवते. त्यांचं समाधान होतं, माझंही.

सांगायला गेलं तर काम सोपं आहे. जमिनीतून निघालेला मणी, तांब्याची अंगठी, मडक्याचा तुकडा घ्यायचा. तो कशाचा, कुठल्या मातीचा, त्यात काय ठेवलेलं होतं हे रसायनांकडून वदवून घ्यायचं. त्यावरून कुठला माल कुठून कुठे गेला ते कळतं. ‘मातीलाही आठवणी असतात’ अशी वाक्यं व्याख्यानांत ऐकली की माझं डोकं फिरतं. मातीला आठवणी नसतात, छिद्रं असतात. छिद्रांत तेल मुरतं, राळ मुरते, आणि नशीब असेल तर दोन हजार वर्षांनी त्यातला चिमूटभर अंश हाती लागतो. नशीब नसेल तर काय होतं हे व्याख्यानात कुणी सांगत नाही. मला ते सरांच्या रांजणाने शिकवलं.

सर म्हणजे ज्यांनी मला या धंद्यात ओढलं ते. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून औषधांच्या कंपनीत चिकटायच्या बेतात होते. सरांनी एका टेबलाशी, एका तराजूशी आणि खोक्याभर खापरांशी माझी गाठ घालून दिली आणि म्हणाले, ‘बघा काय बोलतात का.’ ते उत्खनन करणारे, मी तपासणारी. मला ते कायम ‘रसायनबाई’ म्हणत आले, आणि कायम ‘अहो’. शब्दांच्या बाबतीत ते इतके कडक होते की माझ्या पहिल्या टिपणातला ‘बहुधा’ त्यांनी लाल शाईने खोडला आणि समासात लिहिलं, ‘म्हणजे किती?’ खोटं तर सोडाच, सैल लिहिलेलंही त्यांना चालत नसे.

तरुणपणी सरांनी नदीकाठच्या एका पांढरीवर खोदकाम केलं होतं. पांढरी म्हणजे जुनी वस्ती गाडली जाऊन झालेलं टेकाड. घाट चढून येणारी जुनी व्यापारी वाट तिथूनच जात असे. तिथे त्यांना एका उंच रांजणाचा खालचा भाग मिळाला. बूड निमुळतं, टोकदार, म्हणजे जमिनीवर ठेवलं तर लवंडणारं. आपल्याकडचा कुंभार असं बूड करायला जाणार नाही. असे रांजण जहाजाच्या पोटात एकमेकांना टेकून उभे करत. आणि आतून त्याला काळा, चिकट वाटावा असा थर होता.

आमच्या धंद्यात खापर निघालं की धुवायचं, ही रीत आहे. टोपल्या भरून खापरं येतात, तारेच्या नाही तर प्लास्टिकच्या ब्रशाने घासली जातात, बाजेवर वाळत पडतात. चुन्याचं कीट असेल तर सौम्य आम्लात बुडवतात. मग प्रत्येकावर शाईने नंबर आणि नंबरावर नेलपॉलिशचा हात. ज्याची खापरं लख्ख, त्याचा कँप चांगला. या धुण्यात आतला किती इतिहास नाल्यात गेला याचा विचार तेव्हा कुणीच करत नसे, सरही नाही. त्या रांजणाचे खांद्याचे आणि कानाचे तुकडे आधीच घासून लख्ख झाले होते. पण बूड वर आलं, सरांनी आत डोकावून पाहिलं, आणि ते म्हणाले, ‘याला पाण्याचा थेंब लावायचा नाही.’ स्वतःचा सदरा काढून त्यांनी ते बूड त्यात गुंडाळलं. बनियनवर उभ्या असलेल्या सरांचा त्या दिवसाचा एक फोटो आहे.

रांजण परदेशी म्हणून कँपमधल्या मंडळींनी त्याचं नाव ‘पाहुणा’ ठेवलं. तेच पुढे टिकलं.

सरांचं म्हणणं असं की पाहुणा रोमन जहाजातून आलेला द्राक्षाच्या मद्याचा रांजण आहे, आणि आतला काळा थर म्हणजे मद्य झिरपू नये म्हणून दिलेला, पाइनच्या झाडाच्या राळेचा लेप. तसं असेल तर समुद्र ओलांडून आणि घाट चढून ते मद्य इथवर येत होतं, म्हणजे हे आडगाव आडगाव नव्हतं. विरोधकांचं म्हणणं, रांजण इथलाच, कोकणातल्या कुणी कुंभाराने पाहून केलेली नक्कल, आणि काळा थर म्हणजे काजळी. पुण्यात विद्वानाला विरोध करायचा म्हणजे आधी त्याला टोपणनाव द्यायचं. सरांच्या माघारी त्यांना ‘गुत्तेवाले’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं.

त्यांनी खोदकामाचा अहवाल छापायचा थांबवला. बाकी सगळी प्रकरणं तयार होती, फक्त व्यापाराचं राहिलं होतं. ‘पाहुणा कुठला ते ठरल्याशिवाय मी व्यापारावर एक ओळ लिहिणार नाही,’ असं त्यांनी सांगितलं आणि शब्द पाळला. मी मातीची तपासणी दोनदा केली. इटलीच्या ज्वालामुखीची काळी वाळू आणि आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, दोघांची आई आग. आकडे नेमके मधोमध पडले, इकडचेही म्हणता येतील, तिकडचेही. उरला तो आतला थर. पण त्या काळातल्या यंत्राला तो तपासायला इतका माल लागे की थर सगळा खरवडावा लागला असता. सर म्हणाले, थांबू. ते निवृत्त झाले, थांबले. त्यांच्या बरोबरीचे लोक पुस्तकं छापून, सत्कार घेऊन, एकेक करून गेले. सर थांबलेलेच होते.

आता यंत्रांना चिमूटभर पुरते. गेल्या वर्षी, सरांची ऐंशी कधीच मागे पडली होती तेव्हा, मी रीतसर परवानगी मिळवली. सर नारायण पेठेत राहतात, जुनी इमारत पाडून बांधलेल्या नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एकटे. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा परदेशात. मी रविवारी जात असे, आणि दार उघडताना त्यांचा प्रश्न ठरलेला असे, ‘काय रसायनबाई, पाहुणा काय म्हणतो?’ त्यांना दिसायचं खूप कमी झालं होतं. वर्तमानपत्र मी वाचून दाखवायची आणि मथळ्यांतल्या चुका ते काढायचे. एकदा म्हणाले, ‘मला घाई नाही, पण मला वेळही नाही.’ मग स्वतःच ‘वाक्य बरं जमलं’ म्हणाले.

भांडारातून मी पाहुण्याला बाहेर काढलं आणि आतल्या बाजूने, जिथे थर जाड होता तिथून, नखाएवढा अंश खरवडला. माझी एक वर्गमैत्रीण शहराच्या दुसऱ्या टोकाला एका प्रयोगशाळेत आहे. तिच्याकडच्या यंत्रात पदार्थ घातला की त्यातले घटक सुटे होऊन एकामागोमाग एक बाहेर पडतात, आणि पडद्यावर प्रत्येकाचं एक शिखर उमटतं. शिखराच्या जागेवरून आणि घडणीवरून ते कशाचं ते कळतं.

पाइनच्या राळेची शिखरं आली. एक नाही, ओळीने सगळी आली, तापवलेल्या राळेत येतात तशी. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि मग उठून काय करायचं ते न सुचून परत बसले. मला रडू येत होतं. मैत्रीण पडद्याच्या डाव्या बाजूला बोट ठेवून म्हणाली, ‘आणि हे बघ. ही हळद आहे.’

‘हळद कशी असेल?’

‘मला काय विचारतेस? तुझे रोमन लोक काढा पीत असतील.’

आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, मद्य संपल्यावर इथल्या कुणी रिकाम्या रांजणात हळद ठेवली असेल. तसंही होतं. रांजण कुणी टाकून देत नाही. उलट मला ते फारच आवडलं, परत जाताना तेच डोक्यात घोळत होतं. एवढा आनंद मला पुष्कळ वर्षांत झाला नव्हता, आणि हेही सांगून टाकते की त्यानंतर झालेला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी नारायण पेठेत गेले. वाटेत पेढे घेतले. रविवार नव्हता, त्यामुळे दार उघडतानाच सरांना कळलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, ‘बोला.’

मी म्हटलं, ‘पाइनची राळ आहे सर. काजळी नाही.’

 ते उठले, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. मी मदतीला गेले तर म्हणाले, ‘आज मी देतो.’ चहा सांडत सांडत आणला. काकूंच्या फोटोसमोर पेढा ठेवला. पहिल्या घोटानंतर त्यांनी एका दमात पुढचं सगळं सांगून टाकलं. व्यापाराचं प्रकरण कसं सुरू करायचं, नकाशा कुठे घालायचा, कुणाकुणाला प्रत पाठवायची. प्रत पाठवायच्या यादीतले निम्मे लोक हयात नव्हते. मी ते बोलले नाही.

मग मी हळदीचं सांगितलं. त्यांना गंमत वाटेल म्हणून सांगितलं.

सर खरंच हसले. ‘अहो, ती आमच्या घरची हळद,’ म्हणाले. ‘खंडेनवमीला ही यायची ना भांडारात.’

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे हत्यारांची पूजा होते हे मला माहीत होतं. कुदळी, फावडी, मोजपट्ट्या, कॅमेरा मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. पण ते उत्खनन विभागाचं. प्रयोगशाळेची पूजा वेगळी, आणि माझ्या खोलीत मी कुंकवाचा करंडा आत येऊ देत नसे. यंत्राला लांबून फूल दाखवायचं आणि पेढा खायचा, एवढंच. काकू नंतर आमच्याकडे डबा घेऊन येत, डब्यात कडाकण्या असत. खुसखुशीत, तिळाच्या. त्या येण्याआधी भांडारात काय करून येतात ते मी कधी पाहिलेलं नव्हतं.

सर सांगत होते. ‘सगळ्या हत्यारांची पूजा झाली की ही पाहुण्याकडे वळायची. म्हणायची, पाहुणा घरात आहे, त्याला कुंकू लावायचं नाही का? मी म्हणायचो, अगं, तो म्लेंच्छ आहे. तर म्हणे, असू दे, एवढ्या लांबून आलाय. हळद, कुंकू, अक्षता, सगळं साग्रसंगीत. आणि धूप. तो पंख्याच्या वाऱ्याने विझायचा. मग ही करवंटीत निखारा घेऊन ती आतच ठेवायची, रांजणाच्या पोटात. मी म्हणायचो, बाहेर लाव, आत नको. ऐकते कुठे? म्हणायची, बघा, कसा छान धूर येतोय, श्वास घेतल्यासारखा...’

तिथे ते थांबले. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला होता. माझ्या हातात कप होता. तो ठेवावा हे मला सुचेना.

‘रसायनबाई,’ ते म्हणाले, ‘धुपात काय असतं?’

मला उत्तर ठाऊक होतं. बाजारातल्या धुपात राळ असते, आणि आता ती बहुतेक हिमालयातल्या पाइनचीच येते. पण मी म्हटलं, ‘तपासावं लागेल.’

‘तपासा,’ ते म्हणाले. दुकान त्यांना आठवत होतं.

दुकान बुधवार पेठेत अजून आहे. इलेक्ट्रॉनिकच्या दुकानांच्या रांगेत चिणून बसल्यासारखं, पूजेच्या सामानाचं. मी धूप मागितला आणि विचारलं, हा पूर्वीपासून असाच येतो का, यात काय काय घालतात. मालक म्हणाले, ‘तुम्हाला धूप लावायचाय की परीक्षा घ्यायचीय?’ मग पुडी बांधता बांधता म्हणाले की वडलांच्या वेळेपासून हाच माल आहे, बदल काहीही नाही. एरवी अशा वाक्यावर मी विश्वास ठेवला नसता. त्या दिवशी ठेवला.

मैत्रिणीने तो धूप करवंटीत जाळला, त्याची काजळी यंत्रात घातली आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. शिखरावर शिखर बसलं. हळदीचाही विचार करायची गरज उरली नव्हती. मैत्रीण या वेळी विनोद करायच्या भानगडीत पडली नाही. म्हणाली, ‘याने खाली जुनी राळ नाही असं सिद्ध होत नाही.’

‘आहे असंही होत नाही,’ मी म्हटलं.

मी तरी प्रयत्न सोडला नाही. भिंतीच्या जाडीत, पृष्ठभागाच्या खालून बारीक भोक पाडून पूड काढली. तिथे राळ होती, पण दरवर्षीच्या निखाऱ्याच्या उष्णतेने वरची राळ वितळून आत मुरली असेल, तर तीही असणार. राळेचं वय काढता येतं. पण जुन्यात नवी मिसळली असेल तर मधलंच काहीतरी वय येणार, ज्या काळात ना जहाज आलं होतं ना काकू जन्मल्या होत्या. सगळे मार्ग मी चालून पाहिले आणि सगळे त्या करवंटीशी येऊन थांबले. रांजणाचे बाकीचे तुकडे धुतलेले होते. त्यांच्यात आमच्या ब्रशांशिवाय कशाचाच माग नव्हता. एक तुकडा आयुष्यभर पाण्यापासून वाचवला होता, त्याला आम्ही देवासारखं वागवलं आणि त्याची वाट लावली.

त्या दिवशी बसमध्ये मी काकूंवर चिडले. त्यांच्या हातच्या कडाकण्या मी इतकी वर्षं खाल्ल्या, त्यांच्या शेवटच्या आजारात उशाशी बसले, आणि तरी मी खिडकीपाशी बसून एका गेलेल्या बाईला मनातल्या मनात ताडताड बोलत होते. काय गरज होती? बाहेर ठेवला असता तर काय बिघडलं असतं? नवरा नको म्हणत होता ना? मग माझाच मला राग आला, आणि त्याने काकूंवरचा राग काही कमी झाला नाही.

सरांना मी सगळं सांगितलं. आलेख त्यांना दिसत नव्हते, म्हणून त्यांचं बोट धरून कागदावरच्या शिखरांवरून फिरवलं. त्यांनी प्रश्न विचारले ते सगळे बरोबरचे होते. वय काढता येईल का, भिंतीतून घेता येईल का, दुसऱ्या कुठल्या घटकावरून मद्याचा माग लागेल का. एकेकाला मी नाही म्हणत गेले.

‘म्हणजे त्यात मद्य होतं असं असू शकेल,’ ते म्हणाले.

‘शकेल.’

‘पण कळणार नाही.’

‘या रांजणावरून नाही, सर.’

‘दुसरा सापडेल. पांढरी अजून अर्धी खणायची आहे.’

पांढरी सपाट करून तिथे मंगल कार्यालय झालं होतं. मला वर्षापूर्वीच कळलं होतं, त्यांना सांगायचं धाडस झालं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. आता काही राखून ठेवण्यात अर्थ वाटेना. त्यांनी फक्त ‘बरं’ म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून वाद घालत होतं. तो वाद संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो. मला त्यांना धीर द्यायचा होता, पण माझ्याजवळ देण्यासारखं काही नव्हतं, आणि उगाच बोललेलं त्यांनी खोडलं असतं.

अहवाल मात्र छापायचाच असं त्यांनी ठरवलं. व्यापाराचं प्रकरण एका पानात उरकायचं आणि रांजणाच्या तपासणीचं टिपण माझं. मी लिहिलं ते एका रविवारी वाचून दाखवायला गेले. आतल्या थरात राळेचे घटक मिळाले, परंतु ‘उत्खनकांच्या कुटुंबीयांकडून दरवर्षी होणाऱ्या पूजेत रांजणाच्या आत धूप जाळला जात असल्यामुळे’ ती राळ प्राचीन मानता येत नाही, असं ते वाक्य होतं. नाव कुणाचंच नव्हतं. याहून सौम्य मला लिहिता येत नव्हतं, आणि याहून कमी लिहिलं असतं तर ते सैल झालं असतं.

‘थांबा,’ सर म्हणाले. ‘कुटुंबीयांकडून काढा.’

‘मग काय लिहू?’

‘उत्खनकाच्या सूचनेवरून.’

मी कागद खाली ठेवला. ‘सर, तुम्ही तर त्यांना नको म्हणत होतात. तुम्हीच मला सांगितलंत.’

‘मी हिला काय म्हणालो ते मला माहीत आहे.’

‘पण हे खरं नाही.’

‘पूजा कोण करायचं ते सगळ्या पुण्याला माहीत आहे, बाई,’ ते म्हणाले. मला नुसतं ‘बाई’ त्यांनी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. ‘तुम्ही कुटुंबीय लिहा नाही तर आणखी काही लिहा, लोक हिचंच नाव वाचणार. लिहा, उत्खनकाच्या सूचनेवरून, रांजणाच्या आत. परत वाचा.’

मी लिहिलं. परत वाचलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या परिच्छेदातला एक स्वल्पविराम बदलायला सांगितला.

पुस्तक या वर्षी निघालं. छोटा समारंभ झाला, आम्हीच तीस-चाळीस माणसं. मी सरांना रिक्षाने घेऊन गेले, पहिल्या रांगेत बसवलं. भाषणं झाली. पुस्तकाबद्दल बोलायला जे गृहस्थ होते त्यांनी माझ्या टिपणातलं ते वाक्य मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘म्हणजे पुरावा सांभाळायचा कसा हे ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्यांनीच त्यात धूप लावायला सांगितलं. आता आम्ही कुणाकडे बघायचं?’ सभागृह हसलं. वाईट हेतूने नाही, पुण्यात हसतात तसं हसलं. मागून कुणीतरी ‘गुत्त्यात उदबत्ती’ म्हणालं, ते मला स्पष्ट ऐकू आलं, म्हणजे सरांनाही आलं असणार. दिसायचं कमी झालं होतं, कान शाबूत होते.

मी उठणार होते. सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि आधी तेच उभे राहिले, खुर्चीची पाठ धरून. ‘वक्ते बरोबर बोलले,’ ते म्हणाले. ‘ती माझी चूक. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.’ मग बसले. टाळ्या वाजवाव्या की नाही ते लोकांना कळेना. कुणीतरी चहा झाल्याचं सांगितलं आणि सगळे सुटल्यासारखे उठले.

 परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, ‘हिच्याबद्दल कुणी काही बोललं?’

‘नाही, सर.’

‘चहाच्या वेळीसुद्धा नाही?’

‘नाही.’

लक्ष्मी रोडवर रिक्षा अडकली होती. पुढच्या बसचा धूर आत येत होता. सरांनी नाकाला रुमाल लावला आणि त्यातूनच म्हणाले, ‘आत काय होतं ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आणि मी समोर उभा राहून हसत होतो.’